जुन्या लष्करी निसानचं इंजिन बदलताना

लिलावातून सुटलेली एकटनी निसान घरी आली की पहिले चार दिवस सगळा वाडा बघायला येतो. पाचव्या दिवशी लक्षात येतं की इंजिन निळा धूर काढतंय, तेल पितंय आणि साध्या चढावर धापा टाकतंय. मग फोन येतो, "दादा, इंजिनच बदलून टाकू का?" गोव्यात डिचोली, साखळी, फोंडा या पट्ट्यात अशा गाड्या बाळगणारे मोजकेच, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहून काढतो. स्पॅनर धरता येतो, पण इंजिन कधी बाहेर काढलेलं नाही, अशा माणसासाठी हे आहे.

गाडी कोणती ते आधी स्पष्ट करतो. जबलपूरला सेनेसाठी बांधलेला निसानचा एकटनी कॅरियर, मॉडेल 4डब्ल्यू73. याच कुळातली जोंगा जीप जास्त लोकांना ठाऊक असते. दोघींच्या पोटात निसानचं 'पी' इंजिन: ओळीत सहा सिलिंडर, पेट्रोल, 3956 सीसी, बोअर 85.7 मिलिमीटर आणि स्ट्रोक 114.3 मिलिमीटर. म्हणून कॅरियरला इंजिन हवं असेल तर जोंगाचं शोधता येतं, आणि बहुतेक वेळा तेच हाती लागतं. शक्तिमान ही वेगळी, मोठी, जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावरची गाडी आहे. तिचं वजन आणि तिची उचल या लेखात बसत नाही.

बदलायची खरंच गरज आहे का?

डेपोत वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे रिंग चिकटलेले असतात, व्हॉल्व्हवर काजळी असते, कार्बोरेटरमध्ये चिकट राळ झालेली असते. तेवढ्यावरून इंजिन मेलं असं ठरवू नका. कॉम्प्रेशन गेज घ्या. इंजिन गरम करा, सहाही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर सारखेच फेरे सेल्फ मारा. सहा आकडे कागदावर लिहा. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर लहान आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंग-बोअरचा. नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड पॅकिंगचा. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडलेले दिसले तर बहुधा मधलं पॅकिंग जळलेलं असतं, आणि ते काम इंजिन जागेवर ठेवून एका दिवसात होतं.

इंजिन बाहेर काढायचं ते तीन कारणांसाठी: गरम झाल्यावर ऑइल प्रेशर तळाला जातं आणि खालून ठोके येतात, ब्लॉकला चीर आहे, किंवा बोअर इतके गेलेत की तसाही सगळा मशीनचा खर्च करावाच लागणार आहे.

डिझेल बसवण्याचा मोह

आपल्याकडे टिपरची डिझेल इंजिनं भरपूर. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी 2012 मध्ये थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, आणि दोन्ही वेळा उभ्या राहिलेल्या गाड्यांचे सुटे भाग आमच्या तालुक्यात स्वस्तात फिरले. साहजिकच प्रत्येक जण सुचवतो की डिझेल घाल आणि मोकळा हो. माझं मत याच्या विरुद्ध आहे. डिझेलचा ब्लॉक जड, त्याचा भार पुढच्या पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगांवर, येतो. त्याची चाल कमी फेऱ्यांची, त्यामुळे पेट्रोलसाठी नेमलेल्या गिअरिंगवर गाडी लवकर ओरडायला लागते. माउंटिंग, बेल हाउसिंगची (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं घर) अ‍ॅडाप्टर प्लेट, सायलेन्सरचा पाइप, ब्रेकच्या व्हॅक्युमची सोय, सगळं नव्याने घडवावं लागतं. कायद्याच्या बाजूने तर तो इंधनाचाच बदल होतो. पहिल्यांदा इंजिन काढणाऱ्या माणसाने त्याच जातीचं इंजिन परत घालावं. त्यात शिकायला पुरेसं आहे.

कागद आधी

मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52. आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि इंजिन बदललं की 14 दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. आमच्याकडे वाहतूक खात्याचं कार्यालय म्हणतात, तोंडात मात्र आरटीओच बसलंय. इंजिन बसवण्याआधीच तिथे जाऊन अर्ज करा. सोबत तीन गोष्टी ठेवा: तुमच्या गाडीचा मूळ लष्करी विक्रीचा दाखला (सेनेतून सुटलेल्या गाडीसाठी तो फॉर्म 21 मध्ये असतो), येणाऱ्या इंजिनाचं बिल, आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचा कागद. भंगारवाला "कागद नंतर देतो" म्हणाला तर तिथून उठा.

दोन्ही इंजिनांच्या नंबरची पेन्सिलछाप काढून ठेवा. पट्टीवरचा रंग रॉकेलने पुसायचा, पातळ कागद ठेवायचा, शिसपेन्सिल आडवी फिरवायची. इंजिन गाडीत बसल्यावर त्या जागी हात जात नाही, आणि तपासणीला आलेला निरीक्षक पहिली तीच मागतो.

इंजिन शोधताना

गोव्यात तयार इंजिन क्वचित मिळतं. बेळगाव, कोल्हापूर, पुढे दिल्लीची मायापुरी, असा शोध चालतो. मशीनचं काम, म्हणजे बोअरिंग, क्रँक घासणं, सीट बसवणं, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतो. तिथे जुनं बीड, म्हणजे कास्ट आयर्न, हाताळायची सवय असलेली माणसं आहेत.

घ्यायच्या आधी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं की थांबा. हेड उघडू दिलं तर पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचा. 0.50 किंवा 1.00 असं ठोकलेलं असेल तर बोअर आधीच तेवढा मोठा केलेला आहे आणि पुढे फारसा वाव नाही. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, उतरवून एक बेअरिंग कॅप उघडायला सांगा. तांबूस थर दिसला तर बेअरिंग संपलंय. आणि एक गोष्ट गोव्याच्या माणसाला सुचत नाही: लष्करी गाडी कुठे राहिली ते आपल्याला ठाऊक नसतं. थंड मुलखात पाणी गोठून ब्लॉकला केसासारखी चीर गेलेली असू शकते. कोअर प्लगच्या (ब्लॉकच्या भोकांवरच्या वाटीसारख्या पत्र्याच्या झाकणांच्या) आजूबाजूला, पाण्याच्या जॅकेटच्या खालच्या अंगाला, गंजाची एक बारीक तपकिरी रेघ शोधा. शंका आली तर मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय पैसे देऊ नका.

जागा आणि दिवस

वर्षाला जवळपास 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात उघडं इंजिन जूनमध्ये ठेवू नये. मी दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो आणि दुसऱ्या दिवशी काम काढतो. तोवर पाऊस ओसरलेला असतो, हवा सुकायला लागते, आणि पुढे सात महिने हाताशी असतात. समुद्रालगत राहणाऱ्यांनी तर घासलेल्या प्रत्येक भागावर त्याच दिवशी तेलाचा हात फिरवावा. खाऱ्या हवेत रात्रीत तांबूस पापुद्रा धरतो.

चेनकप्पी आंब्याच्या फांदीला किंवा छपराच्या वाशाला बांधू नका. आमच्याकडे ही सवय फार आहे. लोखंडी पाइपाची तिकाटी किंवा इंजिन क्रेन घ्या, एक टन क्षमतेची. अंगण चिऱ्याचं किंवा मातीचं असेल तर क्रेनची चाकं भार आल्यावर रुततात आणि इंजिन झोके घेतं. खाली जाड लोखंडी पत्रा अंथरा. माणसं तीन: एक साखळीवर, एक इंजिनाला हाताने वळण द्यायला, एक गिअरबॉक्सकडे. लटकत्या इंजिनाखाली कोणीही हात-पाय घालायचा नाही, पडलेला बोल्ट उचलायलाही नाही.

काढताना

बॅटरीची निगेटिव्ह तार पहिली. मग पेट्रोलची लाइन बंद करून तिचं तोंड कापडाने नव्हे, बोल्ट घालून बंद करा. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्हींचं पाणी सोडा, इंजिन ऑइल सोडा. बॉनेट दोघांनी उतरवा, बिजागरीभोवती खुणेची रेघ मारून. त्यानंतर रेडिएटर आणि पुढची जाळी. ही दोन निघाली की समोर एवढी मोकळी जागा होते की इंजिन सरळ पुढे ओढता येतं, उंच उचलावं लागत नाही.

प्रत्येक तारेला आणि होजला चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा, तोच नंबर ती जिथे बसते तिथेही लावा. फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका. काळ्या तेलकट तारा फोटोत सगळ्या सारख्या दिसतात. मॅनिफोल्डचे आणि सायलेन्सरच्या फ्लँजचे नट आदल्या रात्री गंजतेलात भिजवून ठेवा. जोर लावून स्टड तोडला तर अर्धा दिवस गेला.

गिअरबॉक्स जागेवर राहणार असेल तर बेल हाउसिंगचे बोल्ट सैल करण्याआधी त्याच्याखाली जॅक आणि लाकडी ठोकळा द्या. उचलायची साखळी हेडच्या बोल्टांवर बसवलेल्या मजबूत पट्ट्यांना अडकवा, मॅनिफोल्डला कधीच नाही. शेवटी फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चेसिसला धरून ठेवणारे, बोल्ट. साखळी ताणून इंजिनाचा भार नुकता उचलला की इंजिन आडवं, गिअरबॉक्सच्या रेषेत, पुढे सरकवा. क्लच शाफ्ट पूर्ण बाहेर आल्याशिवाय वर उचलू नका.

दोन इंजिनं शेजारी, एक पूर्ण दिवस

या लेखात मला सगळ्यांत कळकळीने सांगायचंय ते हे. जुनं इंजिन बाहेर आलं, नवं बाजूला तयार आहे, मदतीला आलेली मुलं उत्साहात आहेत, चेनकप्पी उभीच आहे. त्याच संध्याकाळी नवं आत घालायचा मोह होतो. घालू नका. दोन्ही इंजिनं लाकडी ठोकळ्यांवर, एकाच दिशेला तोंड करून, हातभर अंतरावर ठेवा. मुलांना जेवायला घालून घरी पाठवा. दुसरा दिवस फक्त बघण्यासाठी ठेवा.

हे मला शिकवलं ते आमच्या गावच्या एका काकांनी. ते ईएमईतून, म्हणजे सेनेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी ते स्टूल घेऊन दोन इंजिनांच्या मधे बसले आणि समोरून मागे एकेक भाग बोटाने दाखवत गेले: "हा इकडे आहे, तिकडे आहे का बघ." पंख्यापासून सुरुवात. तासाभरात सात फरक निघाले होते. फाउंडेशनचा एक कंस वेगळ्या कोनात होता. डिपस्टिक दुसऱ्या बाजूला. तापमानाच्या सेंडरचे (डॅशबोर्डच्या काट्याला माप पाठवणाऱ्या भागाचे) आटे वेगळे. फ्लायव्हीलच्या दातांची संख्या आम्ही खडूने खूण करून मोजली, दोनदा, कारण पहिल्यांदा माझी चुकली. यातला प्रत्येक फरक जमिनीवर पाना आणि पंधरा मिनिटं एवढ्यात मिटला. गाडीत बसल्यावर कळला असता तर इंजिन पुन्हा बाहेर.

तर तुम्ही काय जुळवायचं? चेंबरचा आकार, कारण खोल भाग पुढच्या अ‍ॅक्सलवर आपटता कामा नये. पुढचे-मागचे फाउंडेशन. फ्लायव्हीलचे दात आणि क्लचचा व्यास. पायलट बेअरिंगचं (क्लच शाफ्टचं टोक ज्यात बसतं त्या बेअरिंगचं) भोक आणि तुमच्या क्लच शाफ्टचं टोक, दोन्ही व्हर्नियरने. पाण्याच्या पंपाची पुली पट्ट्याच्या रेषेत आहे का. आणि व्होल्टेज. सेनेच्या गाड्यांत 12 आणि 24 व्होल्ट दोन्ही चालत, वायरलेस बसवलेल्या गाड्या बहुधा 24. सेल्फ, डायनामो, कॉइल, सेंडर यांच्यावरचे आकडे वाचा. जुळत नसेल तर तुमच्या गाडीचे जुने भाग नव्या इंजिनावर चढवा. निम्मं काम असं जुन्यातून नव्यात नेण्याचंच असतं.

बाहेर असतानाच करायचं

मागचं मेन ऑइल सील, सगळे कोअर प्लग, पायलट बेअरिंग, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, फाउंडेशनची रबरं. चांगली दिसली तरी बदला.

पेट्रोलबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल. हे इंजिन शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या काळातलं. ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटला जपायचं. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, आणि जुन्या बीडच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुतत जातात. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागातलं, अंतर पुन्हा पुन्हा कमी होतंय असं दिसलं तर हेच चाललंय. हेड हातात आहे तोवर एक्झॉस्टच्या सहाही जागी कडक सीट बसवून घ्या. दुसरं म्हणजे इथेनॉल. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी शोषतं. आपल्या दमट हवेत टाकीच्या तळाशी पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून सगळे पेट्रोलचे होज, पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरची पॅकिंग इथेनॉलला टिकणारी घाला, लाइनमध्ये पारदर्शक फिल्टर बसवा, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी किंवा काठोकाठ ठेवा. अर्धी कधीच नको.

इंजिनाची जागा रिकामी आहे तोवर चेसिस तारेच्या ब्रशने घासा, प्राइमर मारा. हे एका दुपारचं काम आहे आणि पुन्हा दहा वर्षं तिथे हात पोचणार नाही.

बसवताना

क्लच प्लेटचा फुगीर, स्प्रिंगांचा भाग गिअरबॉक्सकडे. प्रेशर प्लेट आवळण्याआधी जुन्या क्लच शाफ्टचा तुकडा आत घालून प्लेट मध्यावर आणा. तो नसेल तर लाकडी दांड्याला चिकटपट्टी गुंडाळून मापाचा करा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे.

आता अवघड क्षण. इंजिन साखळीवर, मागचं टोक किंचित खाली, बेल हाउसिंग आणि ब्लॉक यांच्यात दोन बोटांची फट, आणि पुढे जात नाही. शाफ्टचे दात क्लच प्लेटच्या दातांवर अडलेले असतात. गिअर टाकून ठेवा आणि एकाला पुढच्या पुलीचा नट पान्याने अगदी सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही ब्लॉक दोन्ही हातांनी धरून हलकं डावी-उजवीकडे डोलवा. दात जुळले की इंजिन स्वतःहून आत सरकतं, एक बारीक 'टक्' आवाज येतो आणि फट नाहीशी होते. सगळीकडे फट सारखी आहे ना ते पातळ पट्टीने बघा. वर पत्र्याएवढी आणि खाली बोटभर असेल तर जॅक वर-खाली करून गिअरबॉक्सचा कोन बदला. बोल्ट आवळून फट ओढून घ्यायची नाही. मी एकदा ओढली होती. प्लेटचा मधला भाग वाकला, क्लच सुटेना, आणि चौथ्या दिवशी सगळं पुन्हा उघडलं.

बाकी जोडणी उलट्या क्रमाने. फक्त अर्थची पट्टी विसरू नका. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते चेसिस जाड तांब्याची वेणी नसेल तर सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. केबल लाल होते आणि तिचं आवरण जळतं. मागे मी ही वेणी लावायला विसरलो होतो, आणि डॅशबोर्डखालून धूर आला तेव्हा मला वाटलं, नवी वायरिंगच पेटली.

पहिला स्टार्ट

20डब्ल्यू-40 ऑइल, पाणी आणि कूलंट भरा. प्लग काढलेले ठेवून सेल्फ दहा-पंधरा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत प्लग बसवायचे नाहीत. काटा हललाच नाही तर स्टार्ट करूच नका, कारण शोधा.

टायमिंगसाठी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हाताने फिरवा. हवा अंगठा ढकलते तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुलीची खूण जुळली की रोटर पहिल्या नंबरच्या तारेकडे असला पाहिजे. क्रम 1-5-3-6-2-4. रोटर बरोबर उलटा असेल तर कार्बोरेटरमधून भडका येतो, म्हणून अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा आणि एअर क्लीनर जागेवर बसवूनच सेल्फ मारा.

सुरू झालं की डोळे प्रेशरवर. पहिली वीस मिनिटं रिकाम्या चालीवर सोडू नका, फेरे थोडे चढे आणि कमी-जास्त करत ठेवा. गळती बघा, पाण्याचं तापमान बघा. थंड झाल्यावर हेडचे बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याने पुन्हा आवळा, मग टॅपेट.

पहिले 500 किलोमीटर लोड नाही, आणि चोर्ला घाट नाही, अनमोड घाट नाही. डिचोली-अस्नोडा-म्हापसा असा रस्ता बरा, वेग बदलत चालवा. 500 ला ऑइल आणि फिल्टर बदला. जुनं ऑइल पांढऱ्या ताटात ओतून उन्हात बघा: बारीक करडी चमक पहिल्या वेळी असतेच, पण तांबूस पापुद्रे दिसले तर बेअरिंग उघडून बघावं लागेल. 1000 पर्यंत असंच सांभाळा. आणि 14 दिवसांच्या आत आरसी घेऊन कार्यालयात.

काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका. या गाड्या आता बनत नाहीत, आणि आज नको असलेला ब्लॉक उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागतो. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धी वाटी ऑइल ओतून हाताने चार फेरे फिरवा, जुने प्लग घट्ट बसवा, सगळी तोंडं कापडी बोळा आणि चिकटपट्टी लावून बंद करा. लाकडी पाटावर, जमिनीपासून वीतभर उंच, पाऊस न पोचणाऱ्या कोपऱ्यात ठेवा, आणि त्यावर नंबर, तारीख आणि कॉम्प्रेशनचे ते सहा आकडे लिहिलेली पट्टी बांधा. दर चतुर्थीच्या आधी घर आवरताना पुलीला पाना लावून एक फेरा फिरवत जा.